पोटातलं ॲसिड मोजून मिळतं का, आणि गॅस्ट्रिन वाढलं म्हणजे काय समजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६२, घर शाकाहारी, चार वर्षांपासून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम ही ॲसिड कमी करणारी गोळी चालू. गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. कुणीतरी सुचवलं म्हणून रक्तातलं गॅस्ट्रिन, म्हणजे जठराला ॲसिड बनवायला सांगणारं हार्मोन, तपासलं, ते ४१२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं आणि रिपोर्टवर वरची मर्यादा १०० छापलेली होती. इंटरनेटवर शोधलं तर पहिल्याच पानावर ट्यूमर दिसला. म्हणून आता विचारताय, की जठरातलं ॲसिड प्रत्यक्ष मोजता येतं का, ते कुठे होतं आणि आधी काय करावं.

आधी काळजीचं बोलते. चार वर्षं पॅन्टोप्राझोल घेणाऱ्या माणसाचं गॅस्ट्रिन ४१२ येणं यात आश्चर्य काहीच नाही. या एका आकड्यावरून ट्यूमर आहे असं म्हणता येत नाही. नाही असंही म्हणता येत नाही, कारण हा आकडा एकट्याने वाचायचाच नसतो. त्या वेळी जठरात ॲसिड किती होतं हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ही टेस्ट लिहिताना किंवा पॅकेजमध्ये घालताना ही गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही, आणि त्यातून घरंच्या घरं धास्तावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हे असं का, ते समजून घ्या. जठराच्या खालच्या भागाला अँट्रम म्हणतात. तिथल्या जी-पेशी जेवण आलं की रक्तात गॅस्ट्रिन सोडतात. गॅस्ट्रिनमुळे वरच्या भागातल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात आणि हिस्टामिनचा इशारा मिळाला की परायटल पेशी हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतू लागतात. आम्लता पुरेशी झाली की शेजारच्या डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून जी-पेशींना ब्रेक लावतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधं परायटल पेशीतला ॲसिड बाहेर टाकणारा प्रोटॉन पंपच बंद करतात, म्हणून त्यांना पीपीआय (प्रोटॉन पंप इनहिबिटर) म्हणतात. ॲसिड नाही म्हणून ब्रेक लागत नाही, ब्रेक नाही म्हणून गॅस्ट्रिन चढत राहतं. ज्यांच्या परायटल पेशी आजाराने झडून गेल्यात, म्हणजे ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस, त्यांच्यातही हेच होतं आणि तिथे आकडा हजाराच्या वरही जातो. तिसरी शक्यता गॅस्ट्रिनोमाची. स्वादुपिंडात किंवा ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, एक गाठ स्वतःहून गॅस्ट्रिन बनवत राहते आणि जठर ॲसिडने भरून वाहतं. पहिल्या दोन प्रकारांत गॅस्ट्रिन जास्त आणि ॲसिड कमी, तिसऱ्यात गॅस्ट्रिन जास्त आणि ॲसिडही जास्त. म्हणून जठरातलं ॲसिड मोजण्याचा प्रश्न आजही जिवंत आहे, नाहीतर ही तपासणी केव्हाच इतिहासजमा झाली असती.

गॅस्ट्रिनोमामुळे होणाऱ्या आजाराला झोलिंजर-एलिसन सिंड्रोम म्हणतात. ओहायोतल्या या दोन सर्जननी १९५५ साली तो मांडला. उपाशीपोटी गॅस्ट्रिन १००० च्या वर आणि त्याच वेळी जठरातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) २ किंवा त्याखाली, ही जोडी सापडली तर निदान जवळपास झालंच. मधल्या आकड्यांना, म्हणजे तुमच्या ४१२ सारख्यांना, पुढे सिक्रेटिन या हार्मोनचं इंजेक्शन देऊन गॅस्ट्रिन किती उसळतं ते बघतात. पण हा आजार दरवर्षी दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो आणि त्याची चालही वेगळी असते: पुन्हापुन्हा उलटणारे अल्सर, नेहमीच्या जागेच्या पलीकडे आतड्यात झालेले अल्सर, आणि पाण्यासारखे जुलाब जे पीपीआय गोळी सुरू केली की थांबतात. काही घराण्यांत त्याच्यासोबत कॅल्शियम वाढलेलं असतं. आईला यातलं काही आहे का, हे डॉक्टरांनी आधी विचारायला हवं. गॅस्ट्रिनची पाळी त्यानंतर येते.

आता ॲसिड कसं मोजतात ते सांगते, कारण ही तपासणी मी शिकले, केली आणि शिकवली आहे, आणि आजच्या मुलांना ती नुसती पुस्तकात दिसते.

जठररसात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं हे इंग्लंडमधल्या विल्यम प्राउट यांनी १८२४ साली छापून सांगितलं, तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८२२ मध्ये, अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुराला बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण पोटाचं भोक बुजलंच नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षं रस काढला, दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आत सोडले, आणि १८३३ मध्ये सगळं पुस्तकरूपात मांडलं. सेंट मार्टिनने त्यासाठी जे सोसलं ते आज कुठलीही एथिक्स कमिटी मान्य करणार नाही. पुढे नळी आली, चहा आणि पावाचं 'टेस्ट मील' आलं, मग बारीक नळी तशीच ठेवून दर पंधरा मिनिटांनी थोडा-थोडा रस काढायची फ्रॅक्शनल पद्धत आली. आपल्याकडच्या जुन्या लॅबमध्ये 'एफटीएम' (फ्रॅक्शनल टेस्ट मील) म्हणून जी तपासणी होत असे, ती हीच.

त्यानंतर रूढ झालेली पद्धत अशी. पेशंट रात्रभर उपाशी. नाकातून राइल्स ट्यूब जठराच्या सर्वांत खोलगट जागेत सोडायची आणि ती बरोबर जागी आहे हे क्ष-किरणांखाली बघायचं, किंवा थोडं पाणी पाजून ते जवळपास सगळं नळीतून परत येतं का ते तपासायचं. याच पायरीवर सर्वांत जास्त रिपोर्ट बिघडतात. नळी वर राहिली की रस कमी येतो आणि पेशंटला ॲसिड कमी असल्याचा शिक्का बसतो. शिवाय पेशंटने लाळ थुंकायची, गिळायची नाही, कारण लाळ अल्कलाइन असते आणि ॲसिड मारते. आधी साठलेला रस काढून वेगळा ठेवायचा. मग एक तास, दर पंधरा मिनिटांची एक अशा चार बाटल्या. हा बेसल तास, म्हणजे जठराला कुठलंही उत्तेजन न देता मोजलेला. त्यानंतर ॲसिडला उत्तेजन देणारं पेन्टागॅस्ट्रिन, वजनाच्या दर किलोला ६ मायक्रोग्रॅम, त्वचेखाली, आणि पुन्हा चार बाटल्या.

प्रत्येक बाटलीचं माप घ्यायचं, गाळायचं आणि ५ मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं. समजा एका बाटलीत ४२ मिलिलिटर रस आला आणि त्यातल्या ५ मिलिलिटरला ३ मिलिलिटर अल्कली लागलं. म्हणजे त्या ५ मिलिलिटरमध्ये ०.३ मिलिमोल ॲसिड, लिटरला ६०, आणि बाटलीभर रसात साधारण अडीच मिलिमोल. चारही बाटल्यांची बेरीज म्हणजे तासाचं उत्पादन. बेसल तासाला निरोगी माणसात ते बहुधा ५ मिलिमोलच्या आत असतं, इंजेक्शननंतर ४० पर्यंत जाऊ शकतं. बेसललाच १५ च्या वर गेलं, किंवा बेसल हे इंजेक्शननंतरच्या कमाल उत्पादनाच्या ६० टक्क्यांहून जास्त निघालं, तर झोलिंजर-एलिसनचा संशय. म्हणजे जठर इंजेक्शन न देताही आधीच पूर्ण जोरात चाललंय. इंजेक्शन देऊनही ॲसिड आलंच नाही, तर परायटल पेशी उरलेल्या नाहीत.

जुने तंत्रज्ञ टोफर रिएजंट (ॲसिडनुसार रंग बदलणारं रसायन) टाकून लाल रंग पिवळा होईपर्यंत 'फ्री ॲसिड' आणि पुढे फिनॉल्फथॅलीनने गुलाबी येईपर्यंत 'टोटल ॲसिड' असे दोन आकडे देत. हातात त्या काळचा पिवळट रिपोर्ट असेल तर तो आजच्या आकड्यांशी ताडून बघू नका. फिनॉल्फथॅलीनचा रंग पीएच ८ च्या पुढे बदलतो, म्हणून ॲसिड असतं त्यापेक्षा जास्त मोजलं जायचं. आता पीएच मीटर लावून ७ च्या आसपास थांबतात.

पीएचबद्दल एक गोष्ट, कारण लोक त्यात गफलत करतात. पीएच १ म्हणजे लिटरला १०० मिलिमोल, पीएच २ म्हणजे १०. एका अंकाचा फरक दहापटीचा आहे. आणि पीएच फक्त तीव्रता सांगतो. तासाभरात किती ॲसिड तयार झालं हे सांगत नाही. गॅस्ट्रिनच्या कोड्यासाठी मात्र नुसता पीएचही बराच उपयोगी पडतो, आणि तो एंडोस्कोपीच्या वेळी थोडा रस ओढून बाहेर मोजता येतो. पीएच ५ किंवा ६ आला तर गॅस्ट्रिन बहुधा ॲसिडच्या अभावामुळे चढलंय. पीएच १.५ असेल तर थांबून विचार करायचा. आईची एंडोस्कोपी होणारच असेल तर 'रस ओढून पीएच बघाल का' असं अवश्य विचारा. दुसरी नळी नको, वेगळा दिवस नको.

काढलेला रस नुसता डोळ्यांनी बघण्यातही पुष्कळ असतं आणि हे कौशल्य आता हरवत चाललंय. उपाशीपोटीचा रस थोडा, जवळपास रंगहीन, किंचित चिकट असतो, वासाला जेमतेम आंबट. १०० मिलिलिटरच्या वर निघाला आणि त्यात कालच्या जेवणातलं टोमॅटोचं साल किंवा मेथीचं पान दिसलं, तर जठराची पुढची वाट अडलेली आहे हे बाकी कुठल्याही तपासणीआधी कळतं. हिरवट झाक म्हणजे ड्युओडेनममधून बाइल (पित्त) उलट आलेलं. कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण म्हणजे ॲसिडने करपलेलं रक्त. ते तपासायला शौचातल्या रक्ताचं नेहमीचं ग्वायाक कार्ड वापरू नये, कारण कमी पीएचला त्याची रासायनिक क्रिया नीट होत नाही आणि रक्त असून निगेटिव्ह येतं. जठररसासाठी वेगळं, बफर असलेलं कार्ड मिळतं.

इतकी चांगली तपासणी मागे का पडली? एक कारण तिच्याच पोटातून निघालं. १९५३ मध्ये अँड्र्यू के यांनी भरपूर हिस्टामिन देऊन जठराला पूर्ण क्षमतेने ॲसिड करायला लावायची रीत रूढ केली. बाकी शरीराला त्रास नको म्हणून आधी अँटिहिस्टामिन देत. ते दिल्याने अंगावरची लाली आणि धाप आटोक्यात राही, पण जठर मात्र त्याला दाद देत नसे. जठरातला हिस्टामिनचा रिसेप्टर वेगळा आहे हे त्यातून सुचत होतं. जेम्स ब्लॅक यांनी १९७२ मध्ये तो एच-२ रिसेप्टर दाखवून दिला, त्यातून सिमेटिडिन आलं, पुढे रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन. १९८८ चं नोबेल पारितोषिक मिळालेल्यांत ब्लॅक होते. ॲसिड दाबायच्या गोळ्या इतक्या चांगल्या निघाल्या, की आधी मोजून घ्यायची गरज कमी झाली. दुसरं कारण ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधून आलं. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ड्युओडेनल अल्सरच्या पुष्कळ पेशंटचं ॲसिड निरोगी माणसांइतकंच येतं, हे आम्हाला आकड्यांत आधीपासून दिसत होतंच. त्यामागचं कारण या जंतूने सांगितलं.

म्हणून आज अल्सरचा किंवा सततच्या अपचनाचा पेशंट असेल तर लॅबला विचारायचा प्रश्न 'ॲसिड किती' हा नसून 'एच. पायलोरी आहे का' हा आहे. एंडोस्कोपीत काढलेला तांदळाएवढा तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतूचं युरिएझ युरिया फोडतं, अमोनिया तयार होतो आणि पिवळ्याचं गुलाबी होतं, कधी काही मिनिटांतच. एंडोस्कोपी नसेल तर युरिया ब्रेथ टेस्ट किंवा शौचातलं अँटिजेन. या तिन्हींसाठी पीपीआय किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह रिपोर्ट येतो. पॅकेजमध्ये मिळणारी रक्तातली आयजीजी, म्हणजे या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, मी सुचवत नाही. आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांना हा जंतू होतो, आणि उपचार होऊन जंतू गेला तरी ती अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. त्या रिपोर्टवर पुन्हापुन्हा अँटिबायोटिकचा कोर्स घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

जठररस आमच्या लॅबमध्ये आज सर्वांत जास्त येतो तो मात्र ॲसिडसाठी नव्हे. तो येतो लहान मुलांचा, टीबीसाठी. मूल खोकून बेडका बाहेर टाकत नाही, गिळतं. रात्रभर गिळलेला तो बेडका पहाटे, मूल उठून दूध पिण्याआधी, नळीतून काढायचा असतो. इथे ॲसिडच शत्रू, कारण ते टीबीचे जंतू मारतं. म्हणून नमुना ताबडतोब लॅबला पोचवायचा आणि उशीर होणार असेल तर सोडियम बायकार्बोनेटने न्यूट्रल करायचा. वॉर्डमध्ये तो तसाच सकाळभर टेबलावर राहिला तर त्या लेकराची पहाटेची नळी फुकट गेली. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर इथे विसंबता येत नाही, जठरात टीबी नसलेले तत्सम जंतूही असतात, सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचं डीएनए शोधणारी तपासणी, करावंच.

तुमच्या आईसाठी मला गॅस्ट्रिनोमापेक्षा दुसरी शंका जास्त तपासण्यासारखी वाटते. परायटल पेशी ॲसिडबरोबर इंट्रिन्सिक फॅक्टरही बनवतात आणि त्याशिवाय बी-१२ शोषलं जात नाही. शाकाहार, चार वर्षांची पीपीआय आणि वय ६२, या तिन्ही गोष्टी बी-१२ कमी व्हायला पुरेशा आहेत. त्यात ऑटोइम्यून ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच परायटल पेशी नष्ट करते) असेल तर गॅस्ट्रिन वाढायला आणखी एक कारण. म्हणून सीबीसी, बी-१२ करा. बी-१२ फारच कमी असेल तर इंट्रिन्सिक फॅक्टर आणि परायटल पेशींच्या अँटिबॉडी. इंट्रिन्सिक फॅक्टरची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर ती विश्वासार्ह, निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं नाही. रक्तातलं पेप्सिनोजेन-१ (जठरातल्या पाचक पेप्सिनचं मूळ रूप) आणि त्याचं पेप्सिनोजेन-२ शी प्रमाण हेही जठराच्या अस्तराची झीज सांगतं. जपानमध्ये जठराच्या कॅन्सरचा धोका ओळखायला ते बरंच वापरलं गेलंय.

घरच्या घरी खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिऊन किती वेळात ढेकर येते यावरून ॲसिड 'कमी' ठरवायचा जो प्रकार फिरतोय, त्याने काहीही कळत नाही. त्यावर विसंबून ॲसिड वाढवणाऱ्या कॅप्सूल आईला देऊ नका.

आणि जळजळ म्हणजे ॲसिड जास्त, हे समीकरण डोक्यातून काढा. बहुतेकांच्या जठरात ॲसिड ठीकच असतं, ते अन्ननलिकेत वर येतं हा त्रास आहे. ते मोजायचं तर अन्ननलिकेच्या खालच्या झडपेच्या ५ सेंटिमीटर वर सेन्सर ठेवून २४ तास बघतात. पीएच ४ च्या खाली एकूण वेळाच्या ६ टक्क्यांहून जास्त गेला तर रिफ्लक्स नक्की, ४ टक्क्यांच्या आत असेल तर नाही. गोळी चुकली की होणारी जळजळसुद्धा पुरावा म्हणून कच्ची आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे अशी गोळी देऊन बंद केली, तर नंतरच्या आठवड्यांत ४४ टक्क्यांना ॲसिडची लक्षणं आली. ज्यांना नकली गोळी होती त्यांच्यात १५ टक्क्यांना. वाढलेलं गॅस्ट्रिन मोकळ्या झालेल्या पंपांना जोरात कामाला लावतं, म्हणून हे होतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. काळी शौच, गिळताना अडकणं, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, सततच्या उलट्या, यातलं एक जरी असेल तर आकड्यांचा खेळ थांबवून थेट एंडोस्कोपी. चालताना किंवा जिना चढताना छातीत भरून येत असेल, घाम येत असेल तर आधी ईसीजी आणि हृदयाचे डॉक्टर. या वयात 'गॅस' म्हणून अंगावर काढलेला हार्ट अटॅक लॅबमध्ये ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रूपात फार उशिरा दिसतो. हे काही नसेल तर सीबीसी, बी-१२, कॅल्शियम, क्रिएटिनिन, कारण किडनी कमकुवत असली तरी गॅस्ट्रिन वाढतं. मग गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्टना भेटून पीपीआय खरंच अजून हवी आहे का ते विचारा.

गॅस्ट्रिन परत करायचंच ठरलं तर पीपीआय किमान आठवडाभर बंद लागते. ती मनाने बंद करू नका. ज्यांना खरोखर गॅस्ट्रिनोमा असतो त्यांच्यात अचानक गोळी थांबवल्याने अल्सर फुटण्यापर्यंत वेळ येते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधल्या काळात फॅमोटिडिन देऊन, तेही शेवटच्या एक-दोन दिवसांत थांबवून करतात. रक्त सकाळी, १२ तास उपाशी राहून द्यायचं. जेवणानंतरचं गॅस्ट्रिन निरोगी माणसातही वाढलेलं असतं. कलेक्शन सेंटरवर थेट विचारा, की सीरम लगेच वेगळं करून गोठवता का आणि गोठलेलंच पुढे पाठवता का. साध्या तापमानाला गॅस्ट्रिन तुटतं आणि आकडा खोटा कमी येतो. रिपोर्टवर एकक बघा: काही लॅब पिकोमोल प्रति लिटर देतात, त्याला साधारण २.१ ने गुणलं की पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतं. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि फॉर्मवर पॅन्टोप्राझोलची शेवटची गोळी कुठल्या तारखेला घेतली ते लिहून द्या; ती तारीख नसलेला गॅस्ट्रिनचा रिपोर्ट मला कुणी वाचायला दिला तर मी पहिला प्रश्न तोच विचारते.